कुड्याची साल आणि परळचे फादर

वैशाख सरता सरता तुंगारच्या उतारावर कुडा फुलतो. पांढऱ्या फुलांचे झुबके, मंद सुवास, पुढे पावसात लोंबणाऱ्या जोडशेंगा. आमच्या लहानपणी ह्या झाडाशी आमची ओळख फुलांच्या भाजीमुळे झाली आणि दुसरी, अधिक कडवट ओळख सहाणेवर झाली. पोटात मुरडा आला, आव पडू लागली, की आजी कुड्याच्या सालीचा तुकडा ताकात उगाळून चाटवी. त्या कडूपणाची आठवण अजून जिभेवर आहे. औषध लागू पडे की आजार आपोआपच उतरणीस लागे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विचारला असता तर आजीने उत्तर म्हणून आणखी एक चाटण दिले असते.

हाच प्रश्न काही माणसांनी मात्र आयुष्यभर विचारला, आणि त्यांतले काही आपल्याच धर्मगुरूंच्या झग्यात वावरणारे होते. झाडपाल्याच्या औषधांची पारख होऊ लागली ती कशी, तिच्यात कोणाचा हात होता आणि त्या पारखीतून हाती काय लागले, हे आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

आरंभ गोव्यापासून करणे भाग आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि पुढची चौतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, येथेच राहिला. मुंबई बेट त्याने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतले होते. १५६३ साली गोव्यात छापला गेलेला त्याचा ग्रंथ येथील औषधी द्रव्यांवरील संवादांच्या रूपात आहे. स्वतः ओर्ता आणि एक काल्पनिक स्नेही ह्यांच्यात प्रश्नोत्तरे चालतात. स्नेही जुन्या ग्रीक व अरबी ग्रंथांचे आधार काढतो आणि ओर्ता वारंवार म्हणतो की ग्रंथ बाजूला ठेव, मी डोळ्यांनी पाहिले ते ऐक. अतिसारावरील देशी उपायांविषयीही त्याने लिहिले आहे, आणि मलबारचे वैद्य ह्या रोगावर यशस्वी उपचार करतात हे मान्य करायला त्याला कमीपणा वाटला नाही.

ह्या माणसाचा शेवट सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे. ओर्ताचे घराणे मूळचे यहुदी; सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायासनाने जिवंत जाळण्याची शिक्षा दिली, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या गोव्याने हा ग्रंथ छापला त्याच गोव्यात हे घडले. ख्रिस्तसभेच्या इतिहासाची ही पाने झाकून ठेवून पुढच्या पानांचा अभिमान धरता येणार नाही.

पुढचे पान शंभर वर्षांनंतरचे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे ह्याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. ह्या कामाच्या आरंभी डचांच्या मदतीला आले ते मॅथ्यू नावाचे इटालियन कार्मेलाइट संन्यासी. प्रोटेस्टंट अधिकारी आणि कॅथलिक संन्यासी एका मेजावर बसले, हेच त्या काळात नवल. झाडांचे गुण सांगितले इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोकणी ब्राह्मणांनी. ह्या तिघांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. त्याच खंडात ‘कोडगपाल’ ह्या नावाखाली एका झाडाचे चित्र येते. तो आपला कुडा.

येथवर जे झाले ते ऐकणे, पाहणे आणि लिहून ठेवणे. पारख अजून दूर होती. लिहून ठेवण्यातही एक मोठी खोट शिरली, आणि तिने पुढे दीडशे वर्षे गोंधळ घातला. कुडे दोन. पांढरा कुडा, ज्याची साल व बी जहरासारखी कडू. त्याच्या बियांना आपण इंद्रजव म्हणतो. दुसरा काळा कुडा, दिसायला चुलतभाऊ, पण त्याचे इंद्रजव गोडे म्हणून ओळखले जातात आणि औषधात त्याची साल पांढऱ्या कुड्याच्या तोडीची नाही. युरोपातील पंडितांनी नावे देताना ह्या दोघांची सरमिसळ केली. रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये दोघांच्या जाती वेगळ्या केल्या, तरी औषधाच्या बाजारात एकाच्या जागी दुसरी साल जातच राहिली. एका वैद्याने म्हणावे औषध रामबाण, दुसऱ्याने म्हणावे निव्वळ लाकूड. आणि दोघेही आपापल्या पुडीपुरते खरे! मुंबईत हेन्स नावाच्या रसायनज्ञाने १८५८ च्या सुमारास कुड्याच्या सालीतून तिचे कडू सत्त्व वेगळे काढले. त्याला पुढे कोनेसीन हे नाव रूढ झाले. पण सत्त्व कोणत्या झाडाचे, ह्या नावाचा घोळ तेव्हाही मिटलेला नव्हता.

तेव्हा पारखीची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते. ती झाडाच्या नावात असते. ही गोष्ट ज्यांनी आपल्या प्रांतात मनावर घेतली त्यांत फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांचे नाव अग्रभागी येते. १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९०३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. त्यांनी तेथे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. संग्रह म्हणजे काय? झाडाची फुलाफळांसह फांदी दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवायची. खाली स्थळ, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव. काम कंटाळवाणे, कीर्ती शून्य. पण ज्याला उद्या म्हणावयाचे आहे की मी कुड्याची साल तपासली, त्याने आपल्या झाडाची फांदी अशा संग्रहात ठेवलेली असली तरच पन्नास वर्षांनी दुसरा कोणी ती पाहून खात्री करू शकतो. फादर ब्लॅटर १९३४ मध्ये पुण्यास वारले. संग्रहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले आणि स्पेनमधून आलेल्या फादर सांतापाव ह्यांनी तो वाढवला. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील सांतापाव ह्यांचे पुस्तक १९५३ सालचे.

आता परळकडे वळू.

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत वाचकांपैकी अनेकांनी रस्त्यावरून पाहिली असेल. ती एके काळी गव्हर्नरसाहेबांचा बंगला होती हे पुष्कळांस ठाऊक असते. पण त्याही आधी ती जागा येशूसंघाची होती. १७२० च्या सुमारास इंग्रजांनी ती जप्त केली आणि प्रार्थनामंदिराचा पुढे मेजवान्यांचा दिवाणखाना झाला. १८९९ मध्ये वॉल्देमार हाफकिन ह्या यहुदी शास्त्रज्ञाची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा तेथे आली आणि १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन ह्यांचे नाव मिळाले. जप्त झालेल्या ह्या वास्तूत सुमारे दोनशे वर्षांनी एक येशूसंघीय धर्मगुरू परत आला तो हक्क सांगायला आलेला नव्हता. तो औषधशास्त्रज्ञ म्हणून नोकरीवर होता. त्याचे नाव फादर जाँ फेर्दिनां काइयुस.

काइयुस ब्लॅटर ह्यांच्याच वयाचे, १८७७ सालचे. त्यांचे नाव आमच्या लोकांत जवळजवळ कोणालाच माहीत नाही. त्यांनी शाळा काढल्या नाहीत, चर्च बांधले नाही, म्हणून कोठे संगमरवरी पाटी नाही. त्यांचे सहकारी होते डॉ. कृष्णाजी श्रीपत म्हसकर. ह्या दोघांची जोडी प्रथम जमली ती मद्रास इलाख्यातील अंकुशकृमींच्या चौकशीत. अनवाणी चालणाऱ्या शेतमजुरांच्या पायांतून शिरून आतड्यात रक्त पिणारा हा जंत. त्यावरील औषधांची किंमत ह्यांनी पुस्तकी कीर्तीवर ठरवली नाही. औषध दिल्यावर किती जंत पडले आणि किती मागे राहिले, ह्या हिशोबावर त्यांनी ती ठरवली. एक पाद्री आणि एक मराठी डॉक्टर विष्ठेतले जंत मोजीत बसले आहेत, हे चित्र कोणत्याही चर्चच्या रंगीत काचेवर येण्यासारखे नाही. आम्हाला मात्र ते फार आवडते.

ह्या दोघांचे सर्वांत धाडसाचे काम सर्पदंशावरील. आपल्या देशात सापाच्या विषावर उतारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुळ्या, साली, पाने ह्यांची गणती करणे अवघड. प्रत्येक गावाला एक झाड, प्रत्येक झाडाला एक जाणता, आणि प्रत्येक जाणत्याच्या पदरी बरे झालेल्यांची यादी. म्हसकर व काइयुस ह्यांनी अशा तीनशेहून अधिक वनस्पती आणि शिवाय दीडशेहून अधिक मिश्रणे तपासली. नाग आणि घोणस ह्यांच्या विषापुढे त्यांची परीक्षा घेतली. प्रतिबंध करतात का, विष मारतात का, विष भिनल्यावर उपयोगी पडतात का, अशा तिन्ही अंगांनी. १९३१ साली अहवाल छापून आला. निष्कर्ष एवढाच होता की एकही वनस्पती उपयोगाची ठरली नाही.

असा निष्कर्ष छापायला धैर्य लागते. काळ स्वदेशीचा, देशी औषधांना पाश्चात्त्यांनी तुच्छ लेखले म्हणून लोकमन दुखावलेले. परदेशी पाद्र्याने ‘नाही’ म्हणणे म्हणजे हेत्वारोपाला आमंत्रणच. पण शेजारी म्हसकरांची सही होती, आणि म्हसकर देशी वैद्यकाचे वैरी नव्हते. दोघांना त्यात गुण शोधायचा होता. म्हणूनच नसलेला गुण आहे म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती.

मग इतकी माणसे बरी कशी होत? उत्तर साधे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतोच असे नाही. असा माणूस मुळी दिली तरी वाचतो, न दिली तरी वाचतो. वाचला की श्रेय मुळीला, गेला की दोष आयुष्याच्या दोरीला. हा हिशोब उघडा पाडावयाचा तर औषध न दिलेल्यांशी तुलना करावी लागते, आणि घरातल्या माणसावर अशी तुलना कोण करणार? ते प्रयोगशाळेतच होऊ शकते. आमच्या भागातील भातकापणीच्या दिवसांत एका तरुणाला फुरसे चावले असता दुपारभर त्याच्या पायावर पाला बांधून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. पाला बांधणारा प्रेमळ माणूस होता, पैसाही घेत नसे. त्या दुपारी जे तास गेले ते परत मिळाले नाहीत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस आज सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि तिचा गुण ती किती लवकर टोचली जाते ह्यावर पुष्कळसा अवलंबून असतो. त्या अहवालाला नव्वद वर्षे उलटून गेली. पाला बांधणे अजून संपलेले नाही.

मग कुड्याचे काय? आजीचे चाटणही असेच खोटे ठरले काय?

येथे कथेला वेगळे वळण मिळते. आव दोन प्रकारची असते; एक अमिबा ह्या एकपेशी जीवामुळे होणारी, दुसरी जंतूंमुळे, म्हणजे बॅक्टेरियामुळे होणारी. दुसऱ्या प्रकारचा जंतू जपानी शास्त्रज्ञ शिगा ह्यांना १८९७ च्या साथीत सापडला. अमिबाच्या आवेवर तेव्हा एमेटीनची सुई देत. ती हृदयाला घातक ठरू शके. म्हणून कलकत्त्यात डॉ. रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी १९२० च्या दशकात कुड्याच्या सत्त्वांकडे वळले. अमिबावर ती काही प्रमाणात चालतात असे दिसले आणि ‘कुर्ची’ ह्या बंगाली वळणाच्या नावाने कुडा औषधांच्या दुकानात पोचला. पुढे अधिक सोयीची औषधे आली, कोनेसीनचे मज्जासंस्थेवरील दुष्परिणामही नजरेस आले, आणि कुडा मागे पडला.

जंतूंवरील परीक्षा ह्यानंतरची. तिची रीत इतकी सोपी आहे की आमच्या गृहिणी ती वाचता वाचता समजून घेतील, कारण तिचा पायाच स्वयंपाकघरातला आहे. जंतू वाढवण्यासाठी जे थिजलेले माध्यम लागते ते चायना ग्रासचे, म्हणजे अगारचे. जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरीत आणि ते उन्हाळ्यात वितळे. फॅनी हेसे ह्या सहकाऱ्याच्या पत्नीने १८८१ च्या सुमारास सुचवले की मी मुरंब्याला अगार घालते, ते उकाड्यातही थिजलेले राहते. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा ह्या बाईंच्या मुरंब्यावर चालल्या आहेत. अशा थिजलेल्या बशीवर जंतू पसरवायचे, मध्ये बारीक खळगा करून त्यात सालीचा अर्क घालायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी बशीभर जंतूंचा पांढुरका थर दिसतो. अर्कात काही दम असेल तर खळग्याभोवती स्वच्छ वर्तुळ. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

पण त्या वर्तुळाला भुलू नये, असे ह्या कामात मुरलेले लोक सांगतात. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, ह्यावर उत्तर बदलते. अल्कोहोल स्वतःच जंतू मारते; म्हणून नुसत्या अल्कोहोलाचा खळगा शेजारी ठेवलाच पाहिजे. पुष्कळ सालींत तुरट द्रव्य, टॅनिन, असते. ते दिसेल त्या प्रथिनाला धरते, म्हणून बशीत शूर आणि पोटात निरुपयोगी ठरते. शिवाय प्रमाण पाहायचे. चांगल्या प्रतिजैविकाचे काही मायक्रोग्रॅम जे काम करतात त्याला कच्च्या अर्काचे मिलिग्रॅम लागत असतील, तर तो हजारपटीचा फरक झाला. आणि बशीत मेलेला जंतू हा आतड्यात मेलेला जंतू नव्हे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६८ पासून भारतीय वनस्पतींच्या चाळणीचे अहवाल छापले. निम्मे पाणी, निम्मे अल्कोहोल असा ठराविक अर्क काढून जंतूंपासून पुढे अनेक रोगांवर तपासायचा. शेकडो झाडे त्या चाळणीतून गेली. ज्यांना औषधाच्या बाटलीपर्यंत जाता आले ती बोटांवर मोजण्याइतकी.

कुड्याच्या अर्काने अतिसाराच्या जंतूंची वाढ बशीत रोखली जाते, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. पण आम्हाला सर्वांत लक्षणीय वाटली ती २०१७ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी छापलेली गोष्ट. औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंच्या अंगात सूक्ष्म पंप असतात; आत आलेले प्रतिजैविक ते बाहेर फेकून देतात. स्यूडोमोनास नावाच्या, रुग्णालयांत छळणाऱ्या जंतूवर कोनेसीन एकटे फारसे चालत नाही. पण ते त्याचे पंप अडवते, आणि मग निकामी झालेली जुनी प्रतिजैविके पुन्हा लागू पडू लागतात. हे अजून बशीतलेच ज्ञान आहे, रुग्णापर्यंत आलेले नाही. कुड्याचा गुण आपण जेथे शोधत होतो तेथून तो थोडा बाजूला निघाला.

म्हणून आज घरात कोणाला आव झाली तर आम्ही सहाण काढीत नाही. मीठसाखरेचे पाणी देतो आणि डॉक्टरकडे जातो. लहान मूल असेल तर तासाचीही चालढकल करीत नाही. आजीवरचा आमचा विश्वास त्यामुळे उणावलेला नाही. तिच्या पुडीत पांढरा कुडा होता हे तिच्या चाटणाच्या कडूपणावरून आज आम्ही सांगू शकतो, आणि झाड ओळखण्यात ती कित्येक पंडितांपेक्षा सरस होती.

फादर काइयुस १९४४ मध्ये वारले. त्याआधी ब्लॅटर, म्हसकर आणि त्यांनी मिळून एक मोठे काम हाती घेतले होते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे लष्करी डॉक्टर. मराठीत काव्यही लिहीत, टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी ‘इंदिरा’ रचली. मेजर बामनदास बसू ह्यांच्यासह त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार केला. कीर्तिकर १९१७ मध्ये गेले आणि ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १९३० च्या दशकात अलाहाबादेस छापली गेली, ती दोन येशूसंघीय धर्मगुरू आणि म्हसकर ह्या तिघांच्या संपादनाखाली. मोठ्या ग्रंथालयांत तिचे खंड आजही पाहावयास मिळतात. कोणतेही पान उघडावे. झाडाचे वर्णन, मग प्रांतोप्रांतीची नावे, मराठी नाव त्यात असतेच. मग संस्कृत ग्रंथ काय म्हणतात, कोकणात काय करतात, कोठले आदिवासी मुळी कशी वापरतात, सर्व आदराने, एक शब्दही न गाळता. आणि जेथे सापाच्या विषावर उतारा असा लौकिक नोंदला आहे तेथे बहुधा त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक लहान वाक्य असते, की तपासता हे झाड सर्पदंशावर निरुपयोगी आढळले. पुढे कंसात दोन नावे, म्हसकर आणि काइयुस.